हात का वर केलायस?

गेल्या महिन्यात अलिबागला गेले होते तेव्हा शेजारच्या मावशींनी माझ्या फोनवरचा एक फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग लहान केला, परत मोठा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "हात का वर केलायस गो? कुणाला आशीर्वाद देतेस?" मी म्हटलं, "नाही हो मावशी, धाकटी फोटो काढत होती ना, तिला हात करत होते." मावशींनी मान डोलावली, फोन परत दिला आणि आत चहा टाकायला गेल्या. एवढंच झालं. पण अलिबागहून पुण्याला येताना, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास एसटीत बसले होते तेव्हा तो फोटो मी परत उघडला आणि स्वतःचीच लाज वाटली. कारण मी हात करत नव्हते. मी पाच बोटं दाखवत होते. पाच म्हणजे पन्नास. पन्नास इजिप्शियन पौंड, आपल्या पैशात शंभरएक रुपये, आणि समोरचा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा दीडशे सांगत होता. स्थळ: सिनाईचा डोंगर. जिथे मोशेला दहा आज्ञा मिळाल्या म्हणतात, तोच.

मावशी कोण हे सांगायला हवं. आमचं घर अलिबागला इस्रायल आळीच्या तोंडाशी आणि मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गावात सगळे यांना शनिवार तेली म्हणायचे. माझ्या लहानपणी घाणा नव्हता, पण मावशींच्या पडवीत एक चित्र होतं, अग्नीच्या रथात बसून आकाशात चाललेला दाढीवाला म्हातारा. मला बरीच वर्षं ते सूर्यदेव वाटायचे. ते एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा. यांच्याकडे काही चांगलं झालं, कोणी पास झालं, कोणाचं लग्न ठरलं, नोकरी लागली की मलिदा व्हायचा, भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम-काजू, आजूबाजूला फळं, आणि एलियाहूच्या नावाने प्रार्थना. एक ताट आमच्याकडे यायचं. आमच्याकडून गणपतीत मोदक जायचे. याच्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, तिथे एलियाहूचा रथ टेकला, त्याच्या घोड्यांच्या टापा उमटल्या असं हे लोक मानतात, एलियाहू हानाबीचा टापा म्हणतात त्याला. लहानपणी एकदा मावशींबरोबर मी तिथे गेले होते. त्या डोळे मिटून उभ्या होत्या आणि मी त्या खळग्यात साचलेल्या पाण्यातले बेडकाचे पिल्लू बघत होते.

मावशींचे बाकी सगळे गेले. थोरला भाऊ साठच्या दशकात इस्रायलला, बेरशेबाला, मग बहिणी, मग चुलत भावंडं. मावशी राहिल्या. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. या भावाने 1976 साली पाठवलेला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो मावशींच्या कपाटात आहे. तेव्हा सिनाई इस्रायलच्या ताब्यात होता, 67 च्या युद्धापासून ते थेट 82 पर्यंत, आणि तिकडचे लोक सुट्टी काढून त्या डोंगरावर जायचे. फोटोत भाऊ हाफ पॅन्टमध्ये, मागे एक उंच काळपट सरूचं झाड आणि चहूबाजूंनी खडक. मागच्या बाजूला शाईच्या पेनने मराठीत लिहिलंय: एलियाहूची जागा. बास. तारीख नाही, कशी आहेस नाही, आठवण येते नाही.

तर या जानेवारीत मी आणि धाकटी (माझी बहीण, ती दुबईला असते) इजिप्तला, शर्म-अल-शेखला जायचं ठरवत होतो, तिला समुद्रात मासे बघायचे होते आणि मला डोंगर. मी सहज मावशींना फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं की त्यांना आनंद होईल, मोशेच्या डोंगरावर चाललेय म्हणून. तर म्हणतात, "मोशेचं जाऊ दे, तो काय सगळ्यांचाच. तू एलियाहूची जागा बघून ये. वर जायच्या आधी लागते. झाड आहे." मी म्हटलं बघते. गोष्ट मला अर्धवट माहीत होती. राणी जीवावर उठली म्हणून एलिया वाळवंटात पळाला, चाळीस दिवस चालत या डोंगरापाशी आला, गुहेत लपला. मग जोराचा वारा आला, त्याच्यात देव नव्हता. भूकंप आला, त्याच्यात नव्हता. आग आली, तिच्यातही नाही. मग सगळं शांत झाल्यावर अगदी बारीक, पुटपुटल्यासारखा आवाज आला, तेव्हा त्याने तोंडावर वस्त्र ओढून घेतलं आणि गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. ही गोष्ट मावशी सांगायच्या तेव्हा शेवटचं वाक्य इतक्या हळू सांगायच्या की ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

शर्महून बस रात्री दहाला निघाली. तीनेक तासांचा रस्ता, मध्ये चेकपोस्ट, प्रत्येक ठिकाणी एक जण झोपेतून उठवून पासपोर्ट बघणार, माझा निळा पासपोर्ट बघून "हिंद? अमिताभ बच्चन!" म्हणणार आणि खूश होऊन पुढे जाणार. हे मला आधी लोकांनी सांगितलं होतं, मला वाटायचं फेकतायत, पण खरंच होतं. बाहेर काहीच दिसत नव्हतं. रात्री दीडला सेंट कॅथरिनच्या मठाच्या खाली उतरलो तेव्हा दाराबाहेरची थंडी अक्षरशः कानफटात बसली. वाळवंट म्हटल्यावर आपल्या डोक्यात घाम असतो. मठच मुळात साडेपंधराशे मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर, आणि डोंगराचं टोक 2285 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईवर अजून सहाशे मीटरचा डोंगर ठेवा. आणि हे सगळं मी निघायच्या आधी वाचलं होतं बरं का, तरी हातमोजे हॉटेलवर ठेवून आले.

वाटाड्या घेतल्याशिवाय वर जाता येत नाही. आमचा वाटाड्या जेबेलिया टोळीतला, पंचविशीचा, डोक्याला लाल-पांढरा रुमाल आणि अंगात फुटबॉल क्लबचं जॅकेट. जेबेलिया म्हणजे डोंगरवाले. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने मठ बांधला तेव्हा त्याच्या राखणीला आणि चाकरीला म्हणून लांबून, बाल्कनच्या बाजूने माणसं आणून बसवली, ही त्यांची पिलावळ, पुढे मुसलमान झाली पण मठाशी नातं तसंच. शेकडो वर्षं एका ख्रिस्ती मठाचे राखणदार मुसलमान. तो हे सांगताना त्यात काही विशेष आहे असं अजिबात दाखवत नव्हता, जसं आमच्याकडे मलिद्याचं ताट यायचं तसंच.

वर जायच्या दोन वाटा. एक पायऱ्यांची, तीन हजार सातशे पन्नास पायऱ्या, कोणा एका साधूने पश्चात्ताप म्हणून दगड रचून बांधल्या म्हणतात, नावच पश्चात्तापाच्या पायऱ्या. दुसरी उंटांची वाट, रुंद, वळणावळणाची, ही एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा तेव्हाचा सत्ताधीश अब्बास पाशा याने करून घेतली. त्याला म्हणे या भागात हवापालटासाठी राजवाडा बांधायचा होता, शेजारच्या डोंगरावर बांधायला घेतलाही, पण तो मेला आणि भिंती तशाच राहिल्या. रात्री सगळे उंटांच्याच वाटेने जातात. चौथ्या शतकाच्या शेवटी एजेरिया नावाची एक बाई युरोपच्या पार पश्चिम टोकाकडून इथवर आली होती आणि तिने पत्रात लिहून ठेवलंय की इथले डोंगर गोल गोल फिरत चढता येत नाहीत, भिंत चढल्यासारखं सरळ वर जावं लागतं. सोळाशे वर्षांपूर्वीची बाई आणि तक्रार अगदी माझ्या गुडघ्यांची. पाशाचे आभार.

अंधारात डोंगर दिसत नाही, नुसता पायाला लागतो.

अमावास्या जवळ होती. वर चांदण्या इतक्या की आकाश स्वच्छ न वाटता खरखरीत वाटत होतं, कोणी मीठ सांडल्यासारखं. पुढे आणि मागे बॅटऱ्यांची रांग, एक वळण घेतलं की खालच्या वळणावरची रांग दिसायची. आषाढीत दिवेघाटात रात्री असं दिसेल का असं वाटून गेलं. उंटाच्या पायाचा आवाज येत नाही, हे मला तिथे कळलं. पायाचा तळवा गादीसारखा असतो, तो तुमच्या मागे येऊन उभा राहिला तरी कळत नाही, मग एकदम मानेवर गरम, आंबूस श्वास येतो आणि अंधारातून कोणीतरी म्हणतं, "कॅमल, मॅडम? गुड कॅमल." हे तीन तास. पहिल्या तासाला मी "नो थँक्यू" म्हणत होते, दुसऱ्या तासाला नुसतं "नो", तिसऱ्याला मराठीत "नको रे बाबा", आणि गंमत म्हणजे ते त्याला सगळ्यात लवकर कळलं. मध्ये मध्ये दगडी खोपट्या आहेत चहाच्या, आत गॅसबत्ती, बाकड्यावर रंगीत सतरंज्या, आणि काचेच्या छोट्या ग्लासात काळा, भरमसाट गोड चहा, त्यात डोंगरातला कुठलातरी वासाचा पाला. आपल्या गवती चहाचा लांबचा भाऊ. धाकटी म्हणाली, "ताई, ग्लास पी नको, धर नुसता." आम्ही दोघी ग्लास गालाला लावून बसलो होतो.

चालताना मला सारखं कनकेश्वर आठवत होतं. अलिबागच्या पोरांना डोंगर म्हणजे कनकेश्वर. मापगावातून सातशे-साडेसातशे दगडी पायऱ्या, श्रावणी सोमवारी आई पहाटे न्यायची, पाऊस, शेवाळ, आणि अर्ध्या वाटेवर देवाची पायरी आली की आई तिथे वाकून हात लावायची आणि त्या निमित्ताने दोन मिनिटं श्वास घ्यायची. भक्ती किती आणि दम लागणं किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. इथे उंटांची वाट जिथे संपते तिथून शेवटच्या साडेसातशे पायऱ्या सगळ्यांनाच चढाव्या लागतात, उंटवाल्यांनाही, पाशालाही लागल्या असत्या. आकडा ऐकून मी हसले. म्हणजे हे सगळं करून, समुद्र ओलांडून, शेवटी कनकेश्वरच.

आता तो प्रसंग. पायऱ्या सुरू होतात त्याच्या अलीकडे शेवटची दोन-चार दुकानं आहेत. साडेचार-पावणेपाच झाले असतील. आमचं अंग चालताना घामाने ओलं झालं होतं आणि थांबल्या थांबल्या ते गार पडायला लागलं, दात वाजायला लागले. वाटाड्या म्हणाला की वर वारा असणार, सूर्य यायला वेळ आहे, ब्लँकेट भाड्याने घ्या. दुकानाबाहेर एक पोरगा ब्लँकेटच्या ढिगाऱ्याशेजारी उभा होता. पायात मोजे आणि मोज्यांवर प्लॅस्टिकच्या चपला, अंगठ्यासाठी मोज्याला भोक पाडलेलं. ओठ फुटलेले. त्याने करड्या रंगाचं एक जाड ब्लँकेट उचललं, झटकलं, उंटाचा आणि रॉकेलचा असा मिक्स वास आला. "वन फिफ्टी." मी "फिफ्टी." तो हसला, "मॅडम, व्हेरी कोल्ड." मी हातातलं ब्लँकेट खाली ठेवलं आणि दोन पावलं पुढे गेले. ही कला मी अलिबागच्या मासळीबाजारात शिकलेय, आणि खरं सांगायचं तर मावशींकडूनच शिकलेय. मावशी कोलंबी, खेकडे घेत नाहीत, खवलं असलेलाच मासा चालतो, म्हणजे पापलेट, सुरमई, जे आधीच महाग. त्यामुळे त्यांचा भाव करण्याचा हात फार तयार. कोळणीने भाव सांगितला की मावशी न बोलता टोपलीवरचा हात उचलायच्या आणि चालायला लागायच्या, आणि सहाव्या पावलाला हाक यायचीच. मला तिसऱ्या पावलाला आली. "वन ट्वेंटी!" मी वळले, डावा हात वर केला, पाचही बोटं ताणून त्याच्या तोंडासमोर धरली आणि तशीच धरून ठेवली. धाकटी फोन नाइट मोडवर टाकून मागून फोटो काढत होती, त्या मोडमध्ये तीन-चार सेकंद हलायचं नसतं. मी हलले नाही. इतकी ठाम होते.

पन्नासला दिलं त्याने.

मला आनंद झाला, लपवत नाही. पायऱ्या चढताना ब्लँकेट खांद्यावर टाकलेलं, मागे फरफटतंय, आणि मी मनात मासळीबाजार जिंकल्याच्या ऐटीत. त्या पायऱ्या म्हणजे एकसारख्या नव्हेत, एक गुडघ्याएवढी, एक चार बोटांची, लाल ग्रॅनाइट लाखो पायांनी इतका गुळगुळीत झालाय की बॅटरीच्या उजेडात ओला वाटतो. आपला सह्याद्री काळा, खरबरीत, हाताला चिकटतो, धरून ठेवतो. हा दगड धरत नाही. एका ठिकाणी एक नायजेरियन बाई प्रत्येक पायरीला थांबून मोठ्याने काहीतरी म्हणत होती, तिचा मुलगा तिला मागून हाताने ढकलत होता आणि दोघंही हसत होते.

वरती छोटं चर्च आहे, 1934 साली जुन्या चर्चच्या अवशेषांवर बांधलेलं, आणि त्याच्याजवळ छोटी मशीद. दोन्हींना कुलूप. माणसं मात्र खच्चून. कोरियन काकूंचा एक ग्रुप गाणी म्हणत होता, चार आवाजांत, फार सुरेख. त्यांच्या शेजारी एक इटालियन जोडपं कोणाशी तरी व्हिडिओ कॉलवर भांडत होतं. मी ब्लँकेट डोक्यावरून घेऊन एका कपारीत बसले. पूर्वेला आधी राखाडी, मग जांभळट, मग एकामागून एक डोंगरांच्या कडा कापून ठेवल्यासारख्या दिसायला लागल्या, कुठे झाड नाही, गवत नाही, नुसती हाडं. सूर्य आला तेव्हा खालचा सगळा दगड आतून पेटल्यासारखा गुलाबी झाला. सगळे ओरडले. मला भरून वगैरे यायला हवं होतं. मी वाट बघत होते भरून यायची. प्रत्यक्षात मी विचार करत होते की खाली बाथरूम कुठे असेल, आणि हे ब्लँकेट किती उबदार आहे. तेवढ्यात एकदम वाटलं, की हे दीडशेचंच होतं. जाताना त्या पोराला अजून शंभर द्यायचे. नोट वेगळ्या खिशात काढून ठेवली.

उतरताना तो पोरगा नव्हता. दुकानात एक दाढीवाला माणूस होता, त्याने ब्लँकेट घेतलं आणि न बघता ढिगावर भिरकावलं. मी "बॉय?" म्हटलं, त्याने हाताने कुठेतरी मागे दाखवलं. मी क्षणभर थांबले. मग निघाले. नोट खिशातच राहिली, आणि खरं लिहायचं तर थोडं हायसंही वाटलं.

गुडघ्यांमुळे आम्ही उतरायलाही उंटांचीच वाट घेतली. तासभर उतरल्यावर, मठ खाली काड्यापेटीएवढा दिसायला लागल्यावर मला मावशी आठवल्या. वाटाड्याला विचारलं, एलियाची जागा कुठाय? त्याने वळून वर बोट दाखवलं. "फर्श एलिया. व्हेअर यू टेक ब्लँकेट." दुकानांच्या मागे खोलगट मैदान आहे, सरूचं झाड आहे, एलियाची छोटी प्रार्थनेची खोली आहे. मोशेबरोबरचे सत्तर वडीलधारे तिथेच थांबले आणि तो एकटा पुढे गेला असंही मानतात. म्हणजे मी जिथे पाच बोटं वर करून उभी होते तिथून हाकेच्या अंतरावर. धाकटी म्हणाली, "जायचं परत?" मी वर बघितलं. माझे गुडघे थरथरत होते, बस साडेअकराची होती आणि मठ नऊला उघडणार होता. गेले नाही.

मठात गर्दी. जळतं झुडूप आहे, म्हणजे मोशेला जे पेटलेलं दिसलं पण जळेना ते, एका भिंतीवरून खाली लोंबणारं हिरवं काटेरी झुडूप, लोक उड्या मारून त्याला हात लावतात, आणि शेजारी भिंतीला लाल फायर एक्स्टिंग्विशर. कोणी लावलं असेल त्याला माझा नमस्कार. पैगंबरांनी मठाला दिलं असं मानतात त्या अभयपत्राची प्रत आहे, त्यावर सहीच्या जागी त्यांच्या पंजाचा ठसा, पाच बोटं, पसरलेली. त्या काचेसमोर मी बराच वेळ उभी राहिले, का ते तेव्हा कळलं नाही. जगातलं एक अतिशय जुनं बायबल, चौथ्या शतकातलं, इथलंच, 1859 साली एक जर्मन विद्वान ते उसनं म्हणून घेऊन गेला, पावतीही लिहून दिली, ते पोचलं रशियाला, आणि 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने ते ब्रिटिशांना एक लाख पौंडांना विकलं. पावती अजून मठाकडे आहे. पुस्तकं उसनी नेणाऱ्यांवर माझा पहिल्यापासूनच विश्वास नाही.

बाहेर बागेत कवट्यांचं घर. जमीन खडकाळ, दफनाला जागा थोडी, म्हणून जुन्या साधूंची हाडं काढून रचून ठेवतात, एका बाजूला कवट्या, एका बाजूला बाकीची. आणि काचेच्या कपाटात एक आख्खा सांगाडा, अंगावर झगा, डोक्यावर टोपी, बसलेला. हा स्टीफन, सहाव्या शतकातला. पायऱ्यांच्या वाटेवर एक कमान आहे, तिथे हा बसायचा आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायचा, काय केलंस सांग. कबुली दिल्याशिवाय पुढे सोडायचा नाही. आम्ही पाशाच्या वाटेने गेलो, पाशाच्या वाटेने आलो. ती कमान आम्हाला लागलीच नाही.

बसमधून जाताना दरीत क्रेन दिसत होत्या. नवी हॉटेलं, व्हिला, रस्ते, सगळं नव्या मातीच्या रंगात रंगवलेलं, म्हणजे डोंगरात मिसळावं म्हणून. वाटाड्या काही बोलला नाही, मीही विचारलं नाही, पण मला माहीत होतं ते तोंड. मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून आमच्याकडेही असंच, वाडी जाते आणि तिथे वाडी नावाचं रिसॉर्ट येतं. तिथे कामाला वाडीतलीच माणसं लागतात, युनिफॉर्म घालून. शांततेसाठी लोक येतात आणि येताना जनरेटर घेऊन येतात. मीही त्यातलीच, पुण्यातून शनिवार-रविवार जाते ती.

तर अलिबाग. मावशींना फोटो दाखवताना मी तो फोटो दाखवणारच नव्हते. सूर्योदयाचे दाखवले, उंटाचा दाखवला, झुडपाचा दाखवला. त्या विनम्रपणे बघत होत्या, "हां, हां" करत. मग त्यांच्या अंगठ्याने चुकून जास्त स्क्रोल झालं आणि तो आला. रात्रीचा, दाणेदार, मी पाठमोरी, ब्लँकेट पायाशी, हात वर. मी फोन घ्यायला गेले तर त्यांनी हात आवरला. आणि मग ते दोन बोटांनी मोठं करणं, लहान करणं. त्या मला बघत नव्हत्या. माझ्या मागे, दुकानाच्या छपराच्या वर, आम्हाला तेव्हा अंधारात दिसलं नव्हतं पण नाइट मोडला दिसलं होतं, चांदण्यांवर काळं काढल्यासारखं एक उंच, टोकदार झाड. त्या उठल्या, कपाटातून भावाचा फोटो आणला, फोनशेजारी ठेवला. दोन्हीकडे बघून म्हणाल्या, "हेच." आणि बऱ्याच वेळाने, "वाढलंय वाटतं." आणि त्यानंतर, हात का वर केलायस.

भाऊ पाच वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुलगा बेरशेबाला असतो, मराठी समजतं त्याला, बोलतो मोडकंतोडकं. मावशींना तो फोटो त्याला पाठवायचा होता.

पुण्याला आल्यावर दोन दिवस मी तो फोटो उघडून बंद केला. मावशींना काय फरक पडणार होता? आशीर्वाद समजल्या असत्या तरी काय बिघडत होतं. पण त्या लहानपणी सांगायच्या की एलियाहू सरळ येत नाही, कधी भिकारी होऊन येतो, कधी वाटसरू, दारात कोण उभा आहे ते कळत नाही, म्हणून दारात आलेल्याला चटकन नाही म्हणू नये. हे त्या सांगायच्या आणि दुसऱ्या मिनिटाला पापलेटवाल्या कोळणीला दारात उभं करून अर्धा तास घासाघीस करायच्या, तर मला लहानपणी प्रश्नच पडायचा की कोळीण एलियाहू असू शकत नाही का. तो पोरगा कोणी नव्हता, पोरगाच होता, भोकाचे मोजे घातलेला, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तिसऱ्या दिवशी मी फोन लावला आणि सांगून टाकलं. की मावशी, मी हात करत नव्हते, मी भाव करत होते.

पलीकडे शांतता. टीव्हीचा आवाज बारीक केल्याचं ऐकू आलं.

"किती सांगत होता?"

"दीडशे."

"आणि तू?"

"पन्नास."

"दिलंन?"

"दिलं."

"थंडी किती होती?"

"पाणी गोठलं होतं, मावशी."

परत शांतता. मग म्हणाल्या, "मी सत्तरपर्यंत गेले असते." आणि मला कळेना की हे रागावणं आहे की कौतुक. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "फोटोतून तू जा. नुसतं झाड ठेव आणि पाठव त्याला."

मी क्रॉप करत बसले. डावीकडून कापलं, खालून कापलं, दुकान गेलं, ब्लँकेट गेलं, माझं डोकं गेलं. झाड राहतं. पण त्याच्या बुंध्याशी, खालच्या कडेला, माझी पाच बोटं येतातच, ती काढायची तर झाडाचा अर्धा भाग जातो. तसाच पाठवला. बेरशेबाहून रात्री उत्तर आलं, मराठीत, बहुधा कोणाला तरी विचारून टाइप केलेलं: "झाड ओळखलं. हात कोणाचा?"